अभयाची हद्द : राष्ट्रीय उद्यानांतील हौशी शिकारीचा प्रश्न

राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत केवळ करमणुकीखातर शिकार करण्याची मुभा कोणाला असावी की नसावी, हा प्रश्न वरवर पाहता केव्हाच निकालात निघालेला वाटतो. कारण आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीवर कडक निर्बंध आले, १९९१ सालच्या दुरुस्तीने उरलेसुरले परवानेही बंद झाले, आणि आजच्या तरुण वाचकाने मचाण, हाका व परवानाधारी शिकारी यांची वर्णने वाचली असली तरी त्यांतले काही प्रत्यक्ष पाहिलेले नसते. परंतु जगाच्या पाठीवर हा प्रश्न मिटलेला नाही. कोठे उद्यानाच्या खर्चाची तोंडमिळवणी होत नाही म्हणून, कोठे हरणांची संख्या फार वाढली म्हणून, तर कोठे एखाद्या सरकारला विधिमंडळात दोन मते कमी पडतात म्हणून, तो वारंवार वर येतो. आणि आपल्याकडेही रोह्यांनी उभे पीक खाल्ले किंवा वाघाने माणूस मारला की भाडोत्री नेमबाजाच्या रूपाने तो निराळ्या वेषात दाराशी उभा राहतो. म्हणून या प्रश्नाच्या सर्व अंगांचा एकत्र आढावा घेणे उचित होईल.

आरंभीच प्रश्नाची चतुःसीमा आखून घेतली पाहिजे. माणसाच्या हातून वन्य प्राण्याचा वध तीन भिन्न कारणांनी होतो. रानात किंवा रानाच्या कडेला राहणारा मनुष्य पोटासाठी सशाला वा तितराला फासे लावतो. वनखात्याचा अधिकारी माणसे मारू लागलेल्या जनावराला, अथवा परमुलुखातून आणून सोडल्यामुळे स्थानिक सृष्टीचा विध्वंस करणाऱ्या प्राण्याला, लेखी हुकमान्वये मारतो. आणि तिसरा मनुष्य, भूक अथवा भय यांपैकी काहीही नसताना, नेम साधल्याच्या आनंदासाठी आणि दिवाणखान्यात मिरवायच्या शिंगांसाठी मारतो. पहिल्याच्या बाबतीत प्रश्न न्यायाचा आहे, दुसऱ्याच्या बाबतीत शास्त्राचा व प्रशासनाचा, आणि तिसऱ्याच्या बाबतीत हौसेचा. हौशी शिकारीचे कैवारी मागणी तिसऱ्यासाठी करतात आणि पुरावा मात्र बहुधा पहिल्या दोघांचा मांडतात, त्यामुळे या वादात पुष्कळ गोंधळ माजतो. प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन असे की, राष्ट्रीय उद्यानात प्राण्याचा वध हे क्वचित्प्रसंगी कर्तव्य ठरू शकेल, पण ती करमणूक कदापि ठरू नये; आणि कर्तव्याची बंदूक हौशी माणसाच्या हाती दिली की कर्तव्य मागे पडून हौसच कारभार करू लागते, अशी साक्ष देशोदेशींचा अनुभव देतो.

राजसत्तेचे शस्त्र जेथे थांबते अशी एखादी भूमी असावी, ही कल्पना आपल्याला परकी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अभयवनाचा उल्लेख असून तेथील मृगपक्ष्यांना मारणाऱ्यास दंड सांगितलेला आहे. त्याच ग्रंथात मृगयेची गणना कामज व्यसनांत केली आहे, जरी तिच्यामुळे शरीरास व्यायाम घडतो आणि चल लक्ष्यावर नेम साधण्याचा सराव होतो हे तिचे गुणही ग्रंथकाराने मोकळेपणाने नोंदवले आहेत. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात आश्रमाच्या मृगावर बाण सुटण्यापूर्वी तापस आडवे येतात, आणि दुष्यंतासारखा पराक्रमी राजा चढवलेला बाण उतरवतो. याहूनही महाराष्ट्राला जवळची साक्ष सोपाऱ्याची आहे. तेथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा जो तुकडा मिळाला, त्या लेखाचा विषयच असा आहे की, पूर्वीचे राजे ज्या विहारयात्रांना निघत त्यांत मृगया व तत्सम करमणुकी चालत, आणि अशोकाने आपल्या अभिषेकाच्या दहाव्या वर्षानंतर त्यांच्या जागी धर्मयात्रा आरंभल्या. अपरांताच्या गजबजलेल्या बंदरात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या दृष्टीस पडेल अशा रीतीने, राजाने आपली हौस सोडल्याची ही वार्ता दगडावर कोरून ठेवली गेली. सत्ताधाऱ्याचा संयम हा जाहीर धोरणाचा विषय होऊ शकतो, ही समज या भूमीत दोन सहस्र वर्षांहून अधिक जुनी आहे.

तथापि हा वारसा अखंड जपला गेला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. संस्थानी अंमलात आणि इंग्रजी राजवटीत शिकार हे राजवैभवाचे एक अंगच होऊन बसले. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहांच्या नेपाळच्या तराईतील शिकारीत थोड्या दिवसांत ३९ वाघ आणि १८ गेंडे पडले; भरतपूरच्या घना सरोवरावर १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत, ४२७३ पक्षी मारले गेले, आणि त्याची नोंद तेथील शिळेवर आजही वाचावयास मिळते. कोरिया संस्थानच्या महाराजांनी १९४७ साली मारलेले तीन चित्ते हे भारतातील या जातीची अखेरची खात्रीलायक नोंद मानले जातात. या घटनांत कोणताही कायदा मोडलेला नव्हता, ही त्यांतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. परवाने होते, हंगाम ठरलेले होते, नोंदवह्या होत्या; एवढा सगळा बंदोबस्त असूनही चित्ता गेला.

ब्रिटिश प्रांतांत वनखात्याने जंगलाचे शिकारीसाठी गट पाडले होते; त्या गटांचे परवाने ठरावीक मुदतीसाठी मिळत, कोणत्या जातीचे किती नर मारावयाचे हे त्यांत लिहिलेले असे. स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था तशीच चालू राहिली, किंबहुना बंदुकीच्या परवान्यांची वाढ, जीपगाडी आणि रात्रीचा प्रखर दिवा यांच्या योगाने ती अधिक संहारक झाली. परदेशी पाहुण्यांना वाघ मिळवून देण्याचा धंदा करणाऱ्या कंपन्या उघडपणे जाहिराती देऊ लागल्या. याच काळात दुसरा प्रवाहही हळूहळू वाहू लागला होता. ताडोबाच्या परिसरात १९३५ साली शिकारबंदी झाली; १९३६ साली संयुक्त प्रांतात हेली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, ज्याला पुढे जिम कॉर्बेट यांचे नाव मिळाले; १९५२ साली भारतीय वन्यजीव मंडळाची स्थापना झाली; आणि १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले, तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. १९६९ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघटनेचे अधिवेशन दिल्लीत भरले आणि वाघाच्या दुरवस्थेकडे जगाचे लक्ष वेधले गेले. १९७० साली वाघाच्या शिकारीस देशभर बंदी झाली. १९७२ च्या गणनेत १८२७ वाघ आढळले. त्याच वर्षी अधिनियम आला आणि १ एप्रिल १९७३ रोजी मेळघाटासह नऊ क्षेत्रांत व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. २०२२ च्या गणनेनुसार देशातील वाघांचा सरासरी अंदाज ३६८२ आहे. गणनेच्या पद्धती बदललेल्या असल्याने या दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करणे शास्त्राला धरून होणार नाही, परंतु परवान्याच्या बंदुकीवाचून वाघ राखता येतो, एवढे त्यांवरून निःसंशय सिद्ध होते.

आता शिकारीच्या बाजूने केले जाणारे युक्तिवाद एकेक तपासून पाहू. पहिला युक्तिवाद असा की, जंगले शिकाऱ्यांनीच राखली. यात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारीचे रान नसते, तर १९५८ साली दाजीपूरला गव्यांचे अभयारण्य करण्याजोगे अरण्यच उरले नसते. भरतपूरचे घना महाराजांच्या बदकांच्या शिकारीसाठीच राखले गेले. इटलीतील ग्रान पारादीसोचे राष्ट्रीय उद्यान, ज्याने आल्प्सच्या पहाडी बोकडाला नामशेष होण्यापासून वाचवले, ते मूळचे तेथील राजांचे शिकारीचे रान होते आणि १९२२ साली त्याचे उद्यान झाले. परंतु या सर्व उदाहरणांत रानाचे खरे रक्षण कशाने झाले ते पाहिले पाहिजे. एका माणसाच्या हौसेसाठी हजारो माणसांना बाहेर ठेवले गेले म्हणून झाडे उभी राहिली. ती हौस सर्वांना खुली झाली असती तर झाडे उरली असती, प्राणी उरले नसते. शिवाय ज्यांची नावे या युक्तिवादात आदराने घेतली जातात त्यांचा जीवनक्रम उलट दिशेने साक्ष देतो. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी हौसेची शिकार नाकारून रात्रीच्या अंधारात कॅमेऱ्याने वाघ टिपला. दुधव्याच्या बिली अर्जन सिंगांनी तारुण्यात मनसोक्त शिकार केली आणि पुढे सारे आयुष्य वाघाच्या रक्षणासाठी वेचले. बंदूक खाली ठेवल्यानंतरच्या त्यांच्या कर्तृत्वाचे श्रेय बंदुकीला देणे हा त्यांच्यावरच अन्याय आहे.

दुसरा युक्तिवाद संख्यानियंत्रणाचा. तो अधिक गंभीर आहे, आणि त्याचा सविस्तर इतिहास अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात सापडतो. १८७२ साली जगातील हे पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन करणाऱ्या कायद्यात प्राण्यांच्या बेछूट संहाराला मनाई होती, पण शिकारीला सरसकट बंदी नव्हती; ती प्रथम १८८३ च्या नियमांनी आली, आणि तिला दंडाची जोड मिळण्यास १८९४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी एक चोरटा शिकारी गवे मारताना पकडला गेला असता त्याला शिक्षा देण्याची तरतूदच कायद्यात नाही असे आढळले, वृत्तपत्रांतून गवगवा झाला, आणि काँग्रेसने तातडीने कायदा केला. तरीही १९०२ पर्यंत उद्यानातील रानगव्यांची संख्या दोन डझनांच्या आसपास येऊन ठेपली. पुढे प्रश्न उलटा झाला. लांडग्यांचा पद्धतशीर नाश करून १९२६ पर्यंत तेथील लांडगा संपवण्यात आला, आणि एल्क जातीची हरणे वाढून त्यांनी रानाची नासाडी आरंभली. १९६१-६२ च्या हिवाळ्यात उद्यानाच्या कर्मचाऱ्यांनी सुमारे ४३०० एल्क मारले. लोकक्षोभ उसळला, आणि शिकारी संघटनांनी साहजिकच विचारले की, मारायचीच असतील तर आम्हाला का बोलावत नाही? या पेचातून मार्ग काढण्यासाठी नेमलेल्या स्टार्कर लिओपोल्ड यांच्या समितीने १९६३ साली जो अहवाल दिला तो आजही या प्रश्नावरचा सर्वांत विचारपूर्ण दस्तऐवज म्हणावा लागेल. संख्या कमी करणे आवश्यक असेल तर ते उद्यानाच्या जबाबदार, प्रशिक्षित माणसांनी, केवळ जीवशास्त्रीय प्रयोजनाने करावे, त्याची गल्लत करमणुकीच्या शिकारीशी होऊ देऊ नये, असा त्या समितीचा निर्वाळा होता. आणि अखेरीस १९९५ साली लांडगा परत आणला गेला, तेव्हा बंदुकीची गरज मुळात कशामुळे उत्पन्न झाली होती हेही जगाला कळून चुकले.

या बाबतीत सर्वांत बोधप्रद प्रकरण ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याचे आहे. १८७९ साली सिडनीजवळ राष्ट्रीय उद्यान स्थापन करून यलोस्टोनच्या पाठोपाठ पाऊल टाकणाऱ्या या राज्यात मे २०१२ मध्ये मुख्यमंत्री बॅरी ओफॅरेल यांच्या सरकारने ७९ उद्याने व राखीव क्षेत्रे हौशी शिकाऱ्यांना खुली करण्याची घोषणा केली. कारण जीवशास्त्रीय नव्हते. वीजनिर्मितीच्या सरकारी मालमत्तेच्या विक्रीचे विधेयक वरिष्ठ सभागृहात संमत करून घेण्यासाठी बंदूकधाऱ्यांच्या पक्षाची मते हवी होती, आणि पूर्वी दिलेल्या शब्दाविरुद्ध जाऊन त्यांची ही किंमत चुकवण्यात आली. रानटी डुकरे, कोल्हे, बकऱ्या आणि हरणे ही युरोपीय वसाहतवाल्यांनी आणलेली जनावरे तेथील सृष्टीचे अतोनात नुकसान करतात हे खरेच होते, आणि समर्थनासाठी तेच पुढे करण्यात आले. पण ज्या संस्था परकीय प्राण्यांच्या निर्मूलनासाठी आयुष्यभर झटत होत्या, त्यांनीच या योजनेला कडाडून विरोध केला. रानरक्षकांच्या संघटनेनेही केला, कारण पायवाटेवर कुटुंबासह चालणारा प्रवासी आणि झुडपाआड दबा धरलेला बंदूकधारी यांना एकाच रानात सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावर येणार होती. जुलै २०१३ मध्ये शिकारीचे नियमन करणाऱ्या मंडळाच्या कारभाराची चौकशी प्रसिद्ध झाली. शिकाऱ्यांचे हितसंबंध पाहणे आणि त्यांच्यावर नियंत्रण ठेवणे ही दोन्ही कामे एकाच मंडळाकडे असल्याने ते मुळातच सदोष आहे, असा तिचा निष्कर्ष निघाला. मंडळ बरखास्त झाले, उद्यानांतील मुक्त शिकारीची योजना मागे घेण्यात आली, आणि तिच्या जागी उद्यानाच्या अधिकाऱ्यांच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, मोजक्या ठिकाणी, नियोजित नियंत्रणकार्यात स्वयंसेवक घेण्याची मर्यादित योजना आली. हौस आणि कर्तव्य यांची फारकत करावी लागते हा लिओपोल्ड समितीचा धडा पन्नास वर्षांनी दुसऱ्या खंडात नव्याने गिरवला गेला.

परकीय प्राण्यांच्या निर्मूलनातही हौशी शिकारी का अपुरा पडतो, याचे उत्तर न्यूझीलंडमध्ये मिळते. तेथील १९८० च्या राष्ट्रीय उद्यान कायद्याचे सूत्र असे की, स्थानिक वनस्पती व प्राणी शक्य तितके राखावेत आणि बाहेरून आलेले शक्य तितके नाहीसे करावेत. त्यामुळे तेथे उद्यानांतही शिकारीला परवानगी आहे. हिमालयातील थार हा रानबोकड १९०४ साली शिकारीच्या हौसेनेच तेथे नेऊन सोडण्यात आला. २०२० साली जेव्हा सरकारी खात्याने दोन राष्ट्रीय उद्यानांतून थार पूर्णपणे काढून टाकण्याची तजवीज केली, तेव्हा तिच्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली ती शिकाऱ्यांच्याच प्रतिष्ठानाने. यात त्यांचा अप्रामाणिकपणा शोधण्याचे कारण नाही. ती हौसेची स्वाभाविक परिणती आहे. ज्याला पुढल्या वर्षीही शिकार हवी आहे, त्याला प्राणी संपलेला परवडत नाही. आपल्या ताडोबात वाघाचे मुख्य भक्ष्य असलेला सांबर गेल्या शतकाच्याही आधी, १८६० नंतरच्या दशकात, ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात नेला गेला. तेथील आल्पाइन राष्ट्रीय उद्यानात ठरावीक हंगामात त्याच्या शिकारीस मुभा आहे, आणि तरीही सांबर तेथील पर्वतांत पसरतच गेला. शिकारी भव्य शिंगांच्या नराच्या मागे जातो, आणि कळपाची वाढ तर माद्यांवर अवलंबून असते.

याच्या उलट, जेथे प्राणी स्थानिक आहे आणि तो टिकावा अशी इच्छा आहे, तेथे शिंगांच्या या लोभाचे परिणाम आणखी विपरीत होतात. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील रॅम माउंटन येथे रानमेंढ्यांचा सुमारे तीन दशके अभ्यास करून २००३ साली संशोधकांनी दाखवून दिले की, मोठ्या शिंगांचे मेंढे वेचून मारल्यामुळे पुढील पिढ्यांची शिंगेच लहान होत गेली. वाघ वा लांडगा दुबळे, रोगी, वृद्ध असे जनावर सहसा उचलतो. हौशी शिकारी कळपातील सर्वोत्तम नर उचलतो. निसर्गाच्या निवडीच्या बरोबर विरुद्ध अशी ही निवड असल्यामुळे शिकारी हा हिंस्र श्वापदाची जागा घेतो हा दावा टिकत नाही. आणि हौशी शिकाऱ्यावाचून नियंत्रण होऊच शकत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाकडे पाहावे. तेथील नागरिकांनी १९७४ साली सार्वमताने आपल्या संपूर्ण प्रांतात हौशी शिकार बंद केली. पिकांना उपद्रव देणाऱ्या रानडुकरांचे नियंत्रण तेव्हापासून सरकारी रक्षक करतात, आणि शेतीवाडीने व्यापलेल्या त्या छोट्या प्रांतात ही व्यवस्था अर्धशतक टिकली आहे.

तिसरा युक्तिवाद पैशाचा. नामिबियात १९९६ च्या कायद्याने ग्रामसमूहांना आपल्या भूमीवरील वन्य प्राण्यांपासून उत्पन्न मिळवण्याचे हक्क मिळाले, श्रीमंत परदेशी शिकाऱ्यांच्या शुल्कातून गावांना पैसा आला, आणि पूर्वी जनावरांना शत्रू मानणारी माणसे त्यांची राखण करू लागली. हे उदाहरण प्रामाणिकपणे विचारात घेतले पाहिजे. परंतु ती भूमी गावसमूहांची आहे, राष्ट्रीय उद्यानांची नव्हे, आणि गरीब गावाने आपल्या चराईच्या रानाबद्दल घेतलेला निर्णय हा राष्ट्राने सर्व पिढ्यांसाठी राखून ठेवलेल्या भूमीला लागू करता येत नाही. शिवाय उद्यानाच्या वेशीवर चालणारी शिकार उद्यानाला कशी पोखरते, हे झिंबाब्वेतील ह्वांगे उद्यानाच्या सेसिल नावाच्या सिंहाने २०१५ साली जगाला दाखवले. संशोधकांनी गळ्यात उपग्रह-पट्टा बांधलेला हा सिंह उद्यानालगतच्या जमिनीत एका परदेशी हौशी शिकाऱ्याकडून मारला गेला. सिंहांत कळपाचा धनी नर मेला की नवा नर पुष्कळदा पहिल्याचे बछडे मारतो. तेव्हा एका गोळीचा हिशेब एका जनावरावर थांबत नाही. केनियाने १९७७ साली शिकार बंद केली आणि पाहणाऱ्यांच्या पैशावर आपली उद्याने चालवली. आपल्याकडे ताडोबाच्या मोहर्ली वा कोलारा प्रवेशद्वारावर वाटाड्याचे काम करणारी गावची मुले एकच वाघीण वर्षानुवर्षे शेकडो पाहुण्यांना दाखवतात. तीच वाघीण परवान्याच्या गोळीने पडली असती तर एकाच पाहुण्याचे शुल्क एकदाच मिळाले असते. पर्यटनाच्या अतिरेकाचेही दोष आहेत, गाड्यांची गर्दी वाघाचा मार्ग अडवते, आणि त्यावर निर्बंध हवेतच. पण तो दोष दुरुस्त होण्याजोगा आहे.

चौथा युक्तिवाद परंपरेचा, आणि येथे आपल्याला स्वतःच्या अंतःकरणाची झडती घ्यावी लागते. शिकारीची परंपरा महाराष्ट्रात खरोखर ज्यांची होती, त्या फासेपारध्यांना किंवा भामरागडच्या माडिया गोंडांना कायद्याने सर्वांत आधी आणि सर्वांत कठोरपणे गाठले. साहेबाच्या बंदुकीला खेळ म्हटले गेले तेव्हाही पारध्याच्या फाशाला चोरी म्हटले गेले. पुढे बंदी सर्वांना लागू झाली, पण तिची खरी किंमत ज्याच्याजवळ दुसरी उपजीविका नव्हती त्यानेच मोजली. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही रानातील पिढीजात हक्क मान्य करताना शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला. या समाजांचे पुनर्वसन, त्यांच्या अरण्यज्ञानाला मानाचे व मोबदल्याचे स्थान, राखणीच्या नोकऱ्यांत त्यांचा वाटा, हे ऋण अजून फिटायचे आहे. पण ज्याने पोटासाठी फासा लावला त्याला आपण मनाई केली, त्याच रानात ज्याचे पोट भरलेले आहे त्याला शुल्क घेऊन बंदूक चालवू द्यावी, यापेक्षा उघड अन्याय दुसरा कोणता असेल? माडियाने सोडलेली पारध ही हौशी शिकारीच्या विरुद्धचा सर्वांत सबळ नैतिक पुरावा आहे.

आता आपल्या आजच्या स्थितीकडे वळू. आपला कायदा या विषयात पुष्कळ विवेकी आहे. मनुष्यजीवितास धोकादायक झालेल्या अथवा बरे होण्यापलीकडे जखमी वा रोगी झालेल्या वाघासारख्या प्राण्याला मारण्याचा लेखी हुकूम केवळ मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो, आणि पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलवणे शक्य नाही अशी त्याची खात्री झाल्यावाचून तो हुकूम देता येत नाही. प्रश्न अंमलबजावणीचा आहे. २०१६ साली बिहारमध्ये उपद्रवी ठरवलेल्या नीलगाई मारण्यासाठी बाहेरचे नेमबाज बोलावण्यात आले आणि दोनशेहून अधिक जनावरे पडली. यवतमाळ जिल्ह्यात तेरा माणसांच्या मृत्यूशी जिचा संबंध जोडला गेला होता, ती वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये रात्रीच्या वेळी मारली गेली. गोळी झाडणारा मनुष्य शासनाचा सेवक नव्हता, आणि ज्याला अधिकृतपणे नेमले होते तोही नव्हता, त्याचा मुलगा होता. पुढे झालेल्या चौकशीत विहित कार्यपद्धती पाळली गेली नसल्याचे निष्पन्न झाले. ही घटना राष्ट्रीय उद्यानातली नव्हे, आणि तेथील गावकऱ्यांचे भय व दुःख पूर्णपणे खरे होते. शेतात जाताना जीव मुठीत धरणाऱ्या माणसाला दूरच्या शहरातून उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण म्हणूनच असल्या कठीण प्रसंगी बंदूक कोणाच्या हातात असावी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ज्याला शिकारीची आवड आहे त्याच्या हाती देहदंडाचा हुकूम सोपवला की बेशुद्धीच्या बाणाचा प्रयत्न पुरता होईल की नाही, याची शाश्वती राहत नाही.

या सर्व आढाव्यातून काही निष्कर्ष निघतात. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, आणि त्याच्या वेशीलगतच्या पट्ट्यातही, करमणुकीच्या शिकारीला कोणत्याही निमित्ताने, कोणत्याही शुल्काने परवाना असू नये. जेथे प्राण्याची संख्या कमी करणे किंवा एखादे जनावर मारणे अपरिहार्य ठरेल, तेथे तो निर्णय शास्त्रज्ञांच्या लेखी मतावर आधारलेला असावा, त्याची अंमलबजावणी शासनाच्या प्रशिक्षित व उत्तरदायी सेवकांनी करावी, आणि संपूर्ण दप्तर लोकांना पाहण्यास खुले असावे. यासाठी प्रत्येक वनविभागात सुसज्ज पथक उभारण्याचा खर्च आपण सोसलाच पाहिजे, कारण भाडोत्री हौसेची गरज त्या पथकाच्या अभावातूनच निर्माण होते. पीक गेलेल्या शेतकऱ्याला आणि माणूस गमावलेल्या घराला भरपाई वेळेवर व पुरेशी मिळाली पाहिजे, नाहीतर अभयाचा सगळा भार गरिबांच्या माथी पडेल आणि तो ते फार काळ सोसणार नाहीत. आणि उद्यानाचे भवितव्य विधिमंडळातल्या सौद्यात कधीही गहाण पडता कामा नये.

उद्यानासाठी आपण देशाच्या भूमीचा फार लहान तुकडा राखून ठेवला आहे. उरलेल्या सर्व भूमीवर माणसाची गरज, त्याचा व्यवसाय आणि त्याची हौस यांचाच अंमल चालतो. या तुकड्यात तरी आपली हौस वेशीबाहेर थांबवावी, एवढीच मागणी येथे केली आहे; आणि ज्या समाजाला एवढाही संयम पाळता येत नाही, त्याने आपल्या उद्यानाला राष्ट्राचे नाव देऊ नये.